कोरड्या बगीच्यात ओला शर्ट

१

खुशालरावांच्या संत्र्याच्या बगीच्यात त्यांचाच सतरा वर्षांचा मुलगा मरून पडलेला सापडला, आणि दुपार व्हायच्या आत गावानं आरोपी ठरवूनही टाकला. पोलिसांनी फक्त बेड्या घेऊन यायचं बाकी होतं. पोलीस म्हणजे मी, फौजदार हर्षा ताथोड. मूळची बाळापूरची, मोर्शीकडे नुकतीच बदलून आलेली. गावाच्या लेखी मी नुसती 'अकोल्याकडची बाई'.

पियुष बगीच्यातल्या झोपडीबाहेर, फवारणीच्या हौदाशेजारी उताणा पडला होता. अंगावर वार नाही की वळ नाही. पण केस ओले, शर्ट अंगाला चिकटलेला, पाठीला काळा चिखल. जानेवारीची सकाळ होती. स्वेटरवर शाल घेऊनही माझे दात वाजत होते. हौदाचा काठ छातीएवढा उंच, म्हणजे तोल जाऊन आत पडला म्हणायचीही सोय नव्हती. शेजारी एक बादली होती, स्वच्छ पालथी घातलेली.

झोपडीत खाट, खाटेखाली रमची रिकामी बाटली, प्लास्टिकचे ग्लास, फुटाण्यांची पुडी. खुंटीला एक जाकीट नीट टांगलेलं, अगदी कोरडं. अकोल्याच्या कुठल्याशा कोचिंग क्लासचं, छातीवर नाव शिवलेलं: शिवम.

"घ्या म्याडम," देवराव हवालदार म्हणाले. "आरोपी नाव टांगून गेला."

मी झोपडीला कुलूप घातलं. आत मी आणि देवराव सोडून कोणीही पाय ठेवला नव्हता. पोरं दारू पितात, ओकतात, कुठंही पडतात, हे मला नवीन नव्हतं. मला एवढंच कळेना की ह्याला भिजवला कोणी?

२

खुशालराव गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. गावातलं देशीचं दुकान त्यांनी उठवलं होतं, मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला दरवर्षी गाडी भरून माणसं नेत. आदल्या संध्याकाळी समितीची बैठक त्यांच्याच अंगणात झाली होती. सतरंज्या अजून ओसरीवर पडून होत्या. अख्खं गाव अंगणात लोटलेलं. संक्रांतीचा आठवडा, पण माझ्यासमोर तिळगूळ सोडा, कोणी पाण्याचा तांब्याही ठेवला नाही.

"बाई, तुमी इथी काय करून राहिल्या?" खुशालराव माझ्या अंगावरच आले. "तो शिवम तिकडं घरी निजला हाय! मायाच पोराले मायाच बगीच्यात पाजली हरामखोरायनं. वर जाकीट पांघरवलं अन् पळाले. त्या दारूत कायतरी कालवलं होतं. मी लिहून देतो तुमाले!"

"पियुष आधी कधी प्याला होता?"

"तोंड सांभाळा! मायं पोरगं सुपारी खात नोतं!"

त्यांच्या मागं पुतण्या मनोज उभा होता. पंचविशीचा गडी, काकांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवणारा. ह्या वाक्याला मात्र त्याची मान हलली नाही.

दारात पियुषची आई वर्षालीताई बसल्या होत्या. डोळे कोरडे. मला पाहून हळूच म्हणाल्या, "त्याचे कपडे वल्ले होते म्हणतेत. खरं काय हो? त्याले थंडी सोसत नाई."

"तू आत जा," खुशालराव ओरडले, आणि त्या मुकाट्यानं आत गेल्या.

निघताना अंगणातून एक आवाज आला, "उद्या शोकसभा हाय. तवापर्यंत त्या शिवमले धरलं नाई, तं आमीच धरतो!" त्यावर सगळं अंगण 'हो' म्हणालं. मला तेव्हा त्या माणसांची किळस आली. एक पोरगं आताच गेलं होतं, आणि ह्यांना दुसरं हवं होतं.

३

शिवमच्या घरापुढं भाजीची हातगाडी उलटी पडली होती. वांगी, सांभाराच्या जुड्या, मुळे मातीत तुडवलेले. त्याची आई तानुबाई ते वेचत नव्हती, वाटेत बसून होती.

"न्या!" मला पाहून ती कडाडली. "गरिबाचंच पोट्ट नेसान तुमी. दोघं संगच क्लासले होते अकोल्याले. संगच सुट्टीले आलते. डॉक्टर व्हाचं होतं दोघायले. आता एक मेला अन् एकाले तुमी मारा!"

शिवम कोपऱ्यात बसला होता. ओठावरची मिसरूडही धड फुटली नव्हती.

"बोल," मी म्हणाले.

"टेस्टमधी मार्क कमी पडले म्याडम. पियुष म्हणे, आज डोकं हलकं करू. आमी तिघं होतो. मी, तो अन् प्रणाली. तो म्हणे मी ग्लास एका दमात मारून दाखवतो. मारला. आमी टाळ्या वाजवल्या. मंग त्यानं अजून एक मारला."

"पाणी न टाकता?"

"हो. मंग बोबडं बोलाले लागला. आमी हासलो. मंग झोपला."

"झोपला?"

"घोरत होता. खर्र... मंग थांबे. मंग पुना खर्र. मी हालवलं, उठला नाई. मोबाईलच्या उजेडात ओठ निळसर दिसले."

माझ्या डोक्यात सणक गेली. "झोपलेलं माणूस हालवलं की उठते रे! जे उठत नाई, ते झोपलेलं नसते. घोरणं थांबते, ओठ निळे पडते, अन् तुमी डॉक्टर व्हाले निघालेले पोट्टे तिथी बसून पाहता? एक फोन काहून नाई लावला?"

"घरी समजलं असतं," तो म्हणाला. पोरगं असं मरतं. दारूनं अर्धं, आणि 'घरी समजलं असतं' ह्यानं अर्धं.

"मी त्याले कुशीवर केलं, उलटी आली तं घशात नको जावा म्हून. मायं जाकीट काढून त्याच्या अंगावर पांघरलं. तेवढ्यात गाडीचा लाईट आला. आमी मागच्या कुपाटीतून पळालो. हे मी कोणालेच सांगतलं नाई म्याडम. मायलेबी नाई."

"अन् त्याच्यावर पाणी कोणी ओतलं?"

त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर खोटं बोलण्याची तयारी नव्हती, नुसता गोंधळ होता. "पाणी? कोणतं पाणी?"

मागून तानुबाई म्हणाली, "गाडी मी पायली. मोर्शीचा बाजार करून आटोनं आली मी, फाट्यावर उतरली. बगीच्याच्या रस्त्यानं फटफटी येत होती. एकटाच माणूस होता."

"कोण?"

"मी सांगन, अन् तुमी म्हणान आरोपीची माय हाय, खोटं बोलते." ती उठली आणि माझ्या समोर आली. "खुशालराव होता."

४

प्रणाली मला दुसऱ्या दिवशी सकाळी मोर्शीत तिच्या कॉलेजच्या फाटकाशी भेटली. घरी येऊ नका, एवढा एकच निरोप तिनं पाठवला होता. पोट्टी नाकावर माशी बसू देणारी नव्हती.

"मी पेली नाई. एक घोट, बस. घसा जळला."

"बाटली कोणी आणली?"

"मनोजदादानं. आमाले कोण देते दुकानात?"

"अन् पार्टीला जागा काय तर पियुषच्या बापाचाच बगीचा? भीती नाही वाटली?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी चंद्रावरून आले. "ताणावर हाय न बगीचा. माणूस काय, कुत्रं फिरकत नाई तिकडं. पियुष घरी सांगे, अभ्यासाले जातो म्हून."

तिच्या उद्धटपणानं माझं डोकं इतकं तापलं होतं की त्या वाक्याकडं मी लक्षच दिलं नाही. पुढं तेच वाक्य कामी आलं.

मनोजला मी ठाण्यात बोलावलं. आधी छाती काढून बसला. बाटलीचं नाव काढताच खांदे पडले.

"आणून देली. सतरा वर्साचे पोट्टे हायत, आज नाई तं उद्या पेणारच. म्हटलं चोरून हातभट्टीची पेण्यापेक्षा चांगली पेवो."

"चांगली!" मी टेबलावर हात आपटला. "पोराच्या जिवाला चांगली आणि वाईट दारू असते का रे? त्याचं अंग वाढून राहिलं, डोकं वाढून राहिलं, अन् तू भावाच्या हातात अख्खी बाटली देतो! अन् काल दिवसभर काकामागं उभा राहून शिवमच्या नावानं मान हलवतो!"

"मी तिथी नोतो म्याडम! मी बैठकीत होतो. सतरंज्या मीच टाकल्या. कोणालेबी इचारा."

"आणि काका?"

तो भिंतीकडं पाहत म्हणाला, "काकाबी होते. मधात उठून गेलते जरासे. मोटार पाहाले जातो म्हणे."

५

मी पुन्हा खुशालरावांच्या ओसरीवर. देवराव माझ्या शेजारी. ह्या वेळी मी थेट विचारलं.

"त्या संध्याकाळी तुमी बगीच्यात गेले होते?"

"गेलतो. मंग?" ते जराही अडखळले नाहीत. "पोट्टे यायच्या आंधी गेलतो. मोटार लावली, बगीच्याले पाणी सोडलं, हौद भरला, वापस आलो. हौदाजवळ वल्लं दिसलं असन तुमाले, ते मोटारीचंच पाणी होय. वावर हाय मायं, ओलीत नाई करू का?"

सगळं चपखल बसत होतं. तानुबाईनं पाहिलेली फटफटी बसली, हौदाजवळचा चिखल बसला, बैठकीतून उठून जाणं बसलं. देवराव स्वतःच्या बुटांकडं पाहत होते.

"बापावर संशय घेता!" खुशालराव लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "त्या भाजीवालीनं काय देल्लं तुमाले?"

लोक हसले. मी तोंडावर आलेला शब्द गिळला आणि बाहेर पडले. गाडीत बसते तोच अमरावतीहून शवविच्छेदनाच्या डॉक्टरांचा फोन आला.

"विष नाही," ते म्हणाले. "दारू बरीच आहे, पण दवाखान्यात आणला असता तर बहुतेक वाचला असता. जठरात काळे ठिपके आहेत, त्वचेवर लाल चट्टे. हा मुलगा गारठून गेलाय."

"थंडीनं? वऱ्हाडात?"

"दारू प्यायली की अंग गरम वाटतं, पण खरं तर आतली ऊब भराभर बाहेर जाते. रक्तातली साखर उतरते, बेशुद्ध माणसाला कुडकुडताही येत नाही. तशात त्याला नखशिखांत भिजवून रात्रभर उघड्यावर टाकलेलं. पाणी ओतणाऱ्यानं त्याला मारलं म्हणा हवं तर."

आणि पाणी ओतणारा कोण, हे गावानं तर ठरवलंच होतं.

६

मी गाडी बगीच्याकडं वळवली. दिवसाच्या लख्ख उन्हात तो बगीचा पहिल्यांदाच नीट पाहिला. झाडांची पानं सुकून मुडपलेली. जमीन अशी फाटलेली की भेगेत माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. सगळीकडं तीच भेगाळ. चिखल होता तो फक्त हौदाजवळ, चटईएवढ्या जागेत.

आमच्या बाळापूरच्या घरी शेतात पालक, मेथी. तिला रोज पाणी, एक दिवस चुकलं तरी माना टाकते. बगीच्याला पाणी सोडलं म्हणजे सोडलं, असं मी धरून चालले होते. आता प्रणालीचं वाक्य कानात वाजलं.

"देवराव, ताण म्हणजे काय?"

ते गाडीकडं चालू लागले. मी गाडीची चावी काढून खिशात टाकली.

"संत्र्याचं पाणी तोडते म्याडम, बहार धराच्या आंधी," ते शेवटी म्हणाले. "महिना-दीड महिना थेंब देत नाई. झाड तहानलं की मंग पाणी सोडाचं. तवा ते फुलावर येते."

"अन् मधातच पाणी सोडलं तर?"

"बहार गेला. वर्स गेलं."

"म्हणजे कोणताही संत्रावाला ह्या दिवसांत मोटार लावणार नाही."

"येडा असला तरी नाई."

"आणि हे तुमाले मघाशी ओसरीवर माहीत होतं." माझा आवाज चढला. "तो माणूस मले अकोल्याकडची बाई समजून थापा मारत होता, अन् तुमी बुटाकडं पाहत होते! एक पोरगं जेलात चाललं होतं देवराव!"

"मले ह्याच गावात राहाचं हाय म्याडम," ते म्हणाले. म्हातारा चेहरा, पण मला दया आली नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शोकसभेतली माणसं काठ्या घेऊन शिवमच्या घराकडं निघायच्या बेतात होती.

७

तानुबाईच्या दाराशी दोन शिपाई उभे केले आणि मी खुशालरावांच्या घरात शिरले. अंगण खचाखच. मी त्यांना मधल्या खोलीत घेतलं, दार लोटलं. तिथं पियुषच्या हार घातलेल्या फोटोपाशी वर्षालीताई बसल्या होत्या. त्यांना जा म्हणायला मला जमलं नाही.

"तुमी मोटार लावलीच नाई," मी म्हणाले. "बगीचा ताणावर हाय. जमिनीत बोट जाते."

"कोण म्हणते?"

"जमीन म्हणते. आता ऐका. काल तुमी मले सांगतलं, पोट्ट्यायनं जाकीट पांघरवलं अन् पळाले. आमी झोपडी उघडली तेव्हा जाकीट खुंटीला होतं. पियुषच्या अंगावर ते होतं, हे तिथी असलेल्यायलेच माहीत असू शकते. पांघरणाऱ्या पोट्ट्यायले, अन् ज्यानं काढलं त्याले. शिवमनं ते माझ्याशिवाय कोणाले सांगतलं नाई, अन् प्रणाली तर आपण तिथी होतो हेच घरी लपवते."

खुशालराव उभेच होते.

"आणि बादली. जीव घेऊन पळणारी पोरं बादली पालथी घालत नाईत. ज्याची बादली, तोच पालथी घालते. बाटली आणणारा मनोज बैठकीतून हलला नाई. पोट्ट्यायले तर त्याले झाकून पळायचं होतं. त्याची उतरवायची घाई एकालेच होती. ज्याच्या अंगणात व्यसनमुक्तीची बैठक बसली होती त्याले."

बाहेर कोणीतरी शिवमच्या नावानं घोषणा दिली. खुशालराव एकदम खाली बसले.

"फोन उचलत नोता तो," ते म्हणाले. "म्हटलं अभ्यासात असन. गेलो तं पोट्टे पळाले, अन् हा खाटेवर पडेल. वास येऊन राहिलता. अंगणात सारे लोक बसलेले. कसा आणू त्याले? कोणत्या तोंडानं? उचलून हौदावर नेला. चार-सहा बादल्या ओतल्या. उनात कोणी पडलं तं आपण पाणीच ओततो न? म्हटलं, उतरन. डोळे उघडले होते त्यानं. 'बाबा' म्हणे. मी म्हटलं, इथीच पड, उतरली की ये. अन् आलो. रात्री वाटलं, मित्राकडं झोपला असन लाजेनं." ते माझ्याकडं वर पाहू लागले. "पाण्यानं उतरते बाई. सारे म्हणतेत. मी मारलं नाई त्याले. त्या दारूतच कायतरी होतं. होय न? कायतरी कालवलं होतं न?"

आतापर्यंत मला ह्या माणसाचा संताप येत होता. तो गेला नाही, पण त्याच्या प्रश्नाला उत्तर देणं मला जड गेलं. तरी मी दिलं. न देऊन चालणार नव्हतं, बाहेर दुसरं पोरगं पणाला लागलं होतं.

"काही कालवलं नव्हतं. पाण्यानं दारू उतरत नाई. पाण्यानं त्याच्या अंगातली ऊब गेली. तो थंडीनं गेला, खुशालराव."

"थंडीनं?" ते पुटपुटले. "आपल्या इकडं थंडीनं कोण मरते?"

मी सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं तसं. मनोजवर गुन्हा दाखल होईल, त्यांच्यावरही होईल, शिवमची आणि प्रणालीचीही चौकशी होईल. शिवमनं फोन केला नाही, हे मी विसरणार नव्हते. पण खुनी म्हणून त्याला कोणी हात लावणार नव्हतं. हे आता अंगणात जाऊन त्यांनीच स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं.

ते उठेनात. तेव्हा फोटोपासून वर्षालीताई उठल्या. नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"त्यानं डोळे उघडले होते," त्या म्हणाल्या. "तुमाले हाक मारली होती."

खुशालरावांनी मान हलवली.

"अन् ते जाकीट. ते काहून काढलं जी तुमी?"

ते लहान मुलासारखं म्हणाले, "लोकाच्या पोराचं होतं. भिजलं असतं."

वर्षालीताईंनी दार उघडलं आणि अंगणातल्या सगळ्या माणसांसमोर त्या एकट्या जाऊन उभ्या राहिल्या.